बोट कोणाचे?

आकडेवारीचे आलेख दाखवणारा मोठा स्पर्शपडदा समोर आला की मी एकच गोष्ट तपासतो : बोट कोणाचे लागले, हे त्याला कळते का? बहुतेकांना कळत नाही. एकाने आकडे गाळले की शेजारच्याचाही आलेख बदलतो आणि त्याच्या विचाराचा धागा तुटतो.

पॉल डिएट्झ आणि डॅरेन ली यांनी २००१ मध्ये मित्सुबिशीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतून ‘डायमंडटच’ हे टेबल पुढे आणले. टेबलातला क्षीण विद्युत-संकेत बोटातून, शरीरातून खुर्चीपर्यंत जाई. त्यावरून माणूस ओळखला जाई. (खुर्ची सोडली की टेबलाच्या लेखी तुम्ही नाहीतच!)

तरीही २००९चे, पेट्रा इझेनबर्ग आणि डॅनियेल फिशर यांचे ‘कॅम्बिएरा’ मला अधिक मोलाचे वाटते. दोघांनी मिळून कागदपत्रांचा ढीग तपासायचा, प्रत्येकाच्या शोधाला स्वतःचा रंग. मला सापडलेला कागद सहकाऱ्यालाही सापडला असेल, तर ते तिथल्या तिथे दिसते. विचारावे लागत नाही, हातातले काम थांबत नाही. मात्र त्याखालच्या टेबलाला बोटे दिसत, माणसे नव्हे. तुमच्या रंगाच्या पेटीत मी शोध घेतला, तर तो तुमच्याच खात्यावर. परस्परांवर विश्वास असलेल्या दोघांत हे खपून जाते. पाण्याच्या वाटपाचे आकडे घेऊन भांडायला बसलेल्या दहा जणांत कसे खपेल?