शिरगणतीत पणजोबा सापडत नाहीत

‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द मराठवाड्यात आता पारावरचा झाला आहे. मुळात ते गॅझेट नव्हेच. गॅझेट म्हणजे राजपत्र. निजामाच्या राज्यात त्याला ‘जरीदा’ म्हणत. चर्चेतला ग्रंथ आहे तो गॅझेटिअर, म्हणजे १९०९ साली निघालेले मुलूखवर्णन. नद्या, पिके, बाजारपेठा, जाती आणि १९०१ च्या खानेसुमारीचे आकडे असा त्याचा ऐवज. ही गल्लत किरकोळ म्हणून सोडता येत नाही. राजपत्र हुकूम देते, गॅझेटिअर वर्णन करते. आणि वर्णनात कोणाचेही पणजोबा नावानिशी उभे नसतात.

निजाम राज्यातली पहिली खानेसुमारी १८८१ ची. घरोघर नावे लिहिली गेली ती बेरजेपुरती. छापून उरल्या त्या बेरजा. बीड जिल्ह्याचेच पाहा. १८९१ ला लोकसंख्या सुमारे ६ लाख ४३ हजार, १९०१ ला ४ लाख ९२ हजार. मधे १८९९-१९०० चा दुष्काळ. दीड लाख माणसे तक्त्यातून उणी झाली. कोण मेले, कोण गोदावरी ओलांडून गेले, हे तक्ता सांगत नाही. आमच्या तलवाड्याच्या पट्ट्यातल्या अनेक वंशावळी नेमक्या याच दशकापाशी अडखळतात.

ब्रिटनने १९२१ च्या जनगणनेतली नावे शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये खुली केली. अमेरिका ७२ वर्षांनी करते. तिकडे आजोबांचे जन्मस्थान शोधून त्यांच्या देशाचे नागरिकत्व मागणारी माणसे अशा नोंदींचा माग काढतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने हे दार बंद आहे: नोंदी पाहण्याचा कोणाला हक्क नाही, दिवाणी दाव्यात त्या पुरावा नाहीत. कायद्यामागचा हेतू चांगला होता. माणसाने प्रगणकाला न भिता खरे सांगावे. अपवाद एकच, १९५१ च्या जनगणनेवरून उतरवलेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर. आसामात त्याच्यावर नागरिकत्व ठरले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात तेच रजिस्टर कुणबी नोंदीसाठी धुंडाळले गेले. एकच वही, तिकडे देश सिद्ध करायला, इकडे जात!

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयावर माझा आक्षेप वाचनपद्धतीचा आहे. जिल्ह्यात कुणबी होते, हे गॅझेटिअर सांगतो आणि ते खरेच आहे. पण अमुक घर त्यांपैकी, हे तो सांगूच शकत नाही. ही फट निर्णयाने प्रतिज्ञापत्राने आणि गावसमितीच्या चौकशीने बुजवली: १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी पूर्वज या भागात राहत होते असे लिहून द्यायचे, कुळातल्या दाखलाधारकाने दुजोरा द्यायचा. भूमिहीनाकडे दुसरे काय असणार, हा प्रश्न रास्त आहे. ओबीसी संघटनांची हरकतही तितकीच रास्त आहे, कारण दोन्ही टोकांना नावाचा कागद नाही. उद्या पडताळणी समितीपुढे दाखला टिकला नाही, तर प्रवेश जाईल तो पोराचा.

नाव मिळते ते गाव नमुना १४ च्या जन्ममृत्यूत, खासरा पाहणीपत्रकात, मुंतखबात, शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात. लोक माझ्याकडे आणतात त्या झेरॉक्स बहुधा याच. उर्दूला ‘ण’ नाही, म्हणून ‘कुनबी’. तलाठ्याच्या घाईच्या शिकस्त्यात नुक्ते गळालेले. ब की न, हे ठरवायला त्याच हाताच्या दहा ओळी वाचाव्या लागतात. साल फसली, त्यात ५९० मिळवायचे: १३४४ फसली म्हणजे १९३४-३५. वर्ष आजूर महिन्यापासून, ऑक्टोबरात सुरू होते, म्हणून इसवी सन नेहमी जोडीने येतो. हे न कळणाऱ्याने केलेले भाषांतर एका वर्षाने चुकते आणि अर्ज तेवढ्यावर परत येतो.

आणखी एक. या साऱ्या वंशावळी बापाकडून चढतात. आईकडची नोंद कितीही स्वच्छ असो, ती दाखल्याला चालत नाही. मी पाहिलेल्या वंशावळींत पणजीचे नाव सहसा नसते. जन्ममृत्यूच्या वहीत मात्र ती कधीकधी भेटते, मयताच्या रकान्यात, अमक्याची बायको म्हणून.