चौंडकं परमुलखात घुमतं तेव्हा

तळघरातल्या पहिल्या हळदीकुंकवापासून आजच्या सभागृहापर्यंत आपलं मंडळ कसं वाढलं, हे सभासदांना नव्यानं सांगायला नको. मला लिहायचंय ते आपल्या चौंडकं-तुणतुण्याच्या मेळ्याविषयी. आपल्या हुपरीचं नाव काढलं की लोकांना चांदीची पैंजणं आठवतात. पण दर मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला एस.टी. भरभरून जाणाऱ्या आपल्या मुलखानं तिचं चौंडकंही जपलं. ते आज कॅनडात वाजतंय, याचा मला फार अभिमान वाटतो.

चौंडकं दिसायला साधं. लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं आणि कातड्याच्या मधोमध ओवलेली तार. नळकांडं काखेत दाबायचं, तारेचं टोक मुठीत धरून ताणायचं आणि दुसऱ्या हातानं तार छेडायची. मूठ आवळली की स्वर चढतो, सैल केली की घुमत खाली येतो. शेजारी तुणतुणं आपला एकच सूर धरून ठेका देत राहतं. चौंडक्यानं हवं तिकडं वळावं, तुणतुण्यानं ढळू नये आणि टाळकऱ्यानं दोघांना सांभाळावं. ही एकट्यानं वाजवायची वाद्यंच नव्हेत.

मेळा उभा राहिला तो आप्पा आणि वहिनींमुळं. अशी माणसं पिढीत एखाददुसरीच निपजतात. इथल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेनं कातडं आवळतं आणि स्वर चढून बसतो, म्हणून आप्पा वाद्याच्या पेटीत ओलसर फडकं ठेवतात. वहिनी दिवसभराची नोकरी करून पोरांकडून गाणी पाठ करून घेतात. त्यांचे उपकार मंडळ कधीच फेडू शकणार नाही.

गेल्या मार्गशीर्ष पुनवेचा कार्यक्रम माझ्या मनातून जात नाही. बाहेर बर्फ, आत आंबील, वडी-भाकरी आणि कांद्याची पात. वहिनींनी रेणुकेची कथा लावली. जमदग्नींनी परशुरामाला आईचा वध करायला सांगितलं, त्या जागी आप्पांनी चौंडकं थांबवलं. नुसतं तुणतुणं चालू राहिलं, तेही कॉलेजात जाणाऱ्या आपल्या एका मुलीच्या हातात. तिचा ठेका तसूभरही हलला नाही. मग चौंडकं खालच्या स्वरात शिरलं आणि सगळं सभागृह ‘उदं गं आई उदं’ म्हणत उभं राहिलं. मराठी धड न येणारी पोरंसुद्धा!

तडजोडी कराव्या लागतात. आगीच्या अलार्ममुळं दिवटी पेटत नाही, भंडारा उधळता येत नाही, रात्रभराचा जागर पाऊण तासात उरकावा लागतो. एवढं मी समजून घेतो. पण साथीला कीबोर्ड घेतला, ते मला पटलेलं नाही. चौंडक्याचा स्वर सरकत जातो आणि कीबोर्ड त्याला ठरावीक पट्ट्यांत कोंबू पाहतो. हा हट्ट सोडावा.

एक गोष्ट मात्र मुलांपासून लपवू नये. ज्यांच्या गळ्यात मोती बांधून ज्यांना देवीला सोडलं, ज्यांना दारोदार जोगवा मागावा लागला, त्यांनीच ही कला आपल्यापर्यंत आणली. 1975 साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. पुढं कर्नाटकानं 1982 साली आणि महाराष्ट्रानं 2005 साली या प्रथेविरुद्ध कायदे केले. देवीला सोडलेल्या जोगतींच्या नृत्यासाठी मंजम्मा जोगती यांना 2021 सालची पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठं या कलेला मानाची खुर्ची मिळाली. प्रथा गेलीच पाहिजे आणि वाद्य राहिलंच पाहिजे. आपल्या लेकी चौंडकं हातात घेतात ते स्वतःच्या आवडीनं, कुणी सोडलं म्हणून नव्हे. परदेशी येऊन आपण केलेलं हे सगळ्यांत चांगलं काम आहे.

म्हणूनच काळजी वाटते. बारावी झाली की पोरं दुसऱ्या शहरात जातात आणि मेळ्यातली एकेक जागा रिकामी होते. आप्पांचे गुडघे आता साथ देत नाहीत. पालकांनो, रविवारी पोहण्याच्या क्लासला नेता, तसं तालमीलाही न्या. नुसतं सोडून परत जाऊ नका, टाळ हातात घेऊन शेजारी बसा. आईबाप बसले तरच पोरं टिकतील. येत्या पुनवेला आप्पांच्या मागं दुसरं चौंडकं वाजायला हवं, आणि त्याची तयारी आजपासूनच करायला हवी.