मोशेच्या पाच सबबी

बायबलमधल्या ‘निर्गम’ ग्रंथाच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायांत देव आणि मोशे यांच्यात चांगलीच घासाघीस चालते. सासरा इथ्रो याची मेंढरे चारत मोशे होरेब डोंगरापाशी आलेला आहे. झुडूप पेटलेले दिसते, पण जळून जात नाही, म्हणून तो बघायला वळतो. नुसते कुतूहल होते तोवर पाय आपणहून वळले. मिसर देशात जाऊन इस्राएलांना फारोच्या तावडीतून सोडव, हे काम गळ्यात पडताच सबबी सुरू होतात. एकूण पाच.

पहिली सबब अशी, की फारोपुढे जाणारा मी कोण? वरवर हा विनय वाटतो. पण एक अध्याय मागे जावे. राजवाड्यात वाढलेल्या मोशेने इब्री, म्हणजे इस्राएली, माणसाला मारणाऱ्या एका मिसऱ्याला ठार करून वाळूत पुरले होते. दुसऱ्या दिवशी तो दोन इब्रींचे भांडण सोडवायला गेला, तेव्हा त्यांतल्या एकाने त्याला फटकारले, की तुला आमच्यावर न्यायाधीश नेमले कोणी? उत्तर नव्हते; शिवाय खुनाचा बोभाटा झाला होता. तो मिद्यानात पळाला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मोशेचा विनय त्या जातीचा आहे. आता नेमणारा समोर उभा आहे, तरी जुना बोल त्याच्या मनातून गेलेला नाही.

देवाच्या उत्तरात मोशेच्या लायकीबद्दल चकार शब्द नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढेच आश्वासन मिळते. खूणही कशी? लोकांना बाहेर आणलेस की याच डोंगरावर तुम्ही माझी उपासना कराल. म्हणजे खात्री पटणार ती काम पार पडल्यावर!

मग तुझे नाव काय सांगू, ही दुसरी सबब; लोक विश्वास ठेवणार नाहीत, ही तिसरी. इथे देव त्याच्या हातातल्या काठीकडे वळतो. जमिनीवर टाकताच तिचा साप होतो आणि मोशे पळ काढतो. त्याला शेपटीने धर, अशी आज्ञा होते. रानात वावरणाऱ्या मेंढपाळाला हे उफराटे वाटले असणार, कारण शेपटी धरली तर साप उलटून डसतो. मोशे हात पुढे करतो, तेव्हा सापाची पुन्हा काठी होते. पुढे बायकामुलांना गाढवावर बसवून तो मिसरची वाट धरतो, तिथे कथाकार त्याच काठीला देवाची काठी म्हणतो. काठी तीच, मालकी तेवढी बदलली.

चौथी सबब जड जिभेची. तोंड घडवणारा मीच, तुला बोलायला मीच शिकवीन, असे देव सांगतो; पण जीभ तिथल्या तिथे मोकळी झाल्याचे कथा कुठेही म्हणत नाही. पाचव्या वेळी कारणेच संपतात आणि उरतो निव्वळ नकार : दुसऱ्या कुणाला तरी पाठव. देव रागावतो, पण नेमणूक रद्द करत नाही. उलट बोलका भाऊ अहरोन भेटायला निघालाच आहे, असे त्याच रागाच्या भरात सांगतो. ही सोय पुढे महागही पडते. मोशे डोंगरावर असताना लोकांच्या आग्रहापुढे मान तुकवून सोन्याचे वासरू घडवतो, तो हाच अहरोन.

कथाकाराचे खरे धारिष्ट पुढे दिसते. फारोशी पहिली भेट फसते, विटांसाठी मिळणारा पेंढा बंद होतो, लोक उलटतात आणि मोशे देवालाच जाब विचारतो. सहाव्या अध्यायाच्या शेवटी बोलता न येण्याची सबब पुन्हा हजर! सातव्यात, दरबारातल्या चमत्कारांच्या ऐन तोंडावर, कथाकार वये नोंदवतो : मोशे 80 वर्षांचा, अहरोन 83. इतके घडूनही मोशेच्या मनातली धाकधूक सरलेली नाही. काठी, भाऊ आणि ती धाकधूक, असे सगळेच बरोबर घेऊन तो फारोपुढे जातो.