‘संगीत संशयकल्लोळ’मधील संशय आणि स्त्रीप्रतिमा : एक पुनर्विचार

प्रस्तावना

मराठी विनोदी नाटकांत गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’चे स्थान वादातीत आहे. मोलिएरच्या ‘स्गानारेल’ (१६६०) या प्रहसनावरून आर्थर मर्फीने ‘ऑल इन द राँग’ (१७६१) ही सुखात्मिका रचली. तिच्या आधारे देवलांनी प्रथम गद्य नाटक लिहिले व पुढे त्यास संगीत रूप दिले. देवलांच्या निधनानंतर, १९१६ मध्येच, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. या नाटकात स्त्री-पुरुष सारखेच संशयी असल्याने ते स्त्रीवर अन्याय करीत नाही, असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या मताचा पुनर्विचार केला आहे.

समतोलाचा आभास

रचनेच्या पातळीवर समतोल निश्चितच आहे. फाल्गुनराव कृत्तिकेवर संशय घेतो, तशी कृत्तिकाही त्याच्यावर घेते. पुरुषांना महिन्यांची व स्त्रियांना नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी ही जोडरचना अधिकच ठसवली आहे. परंतु संशय समान असला तरी त्याचे मोल समान नाही. फाल्गुनरावाचा संशय खोटा ठरला की तो केवळ हास्यास्पद होतो. त्याचे घर व प्रतिष्ठा अबाधित राहतात. कृत्तिकेवरील संशय मात्र तिच्या शीलावरचा आरोप असतो, आणि शील गेले की संसारातील तिचे स्थानच जाते.

रेवतीचा प्रश्न

ही विषमता रेवतीच्या बाबतीत सर्वाधिक तीव्र होते. मर्फीची नायिका कुलीन घरातील कन्या आहे. देवलांनी तिच्या जागी मघा नायकिणीची मुलगी आणली. हा बदल केवळ देशीकरणाचा नाही. एका तसबिरीवरून अश्विनशेठ रेवतीवर अविश्वास दाखवतो, तेव्हा त्या अविश्वासाला तिच्या जन्माचे आयते पाठबळ मिळते. कुलीन कन्येला एका प्रसंगाचा खुलासा पुरतो. रेवतीला आपल्या कुळाचाच खुलासा करावा लागतो. प्रेक्षक ज्या गैरसमजाला हसतो, त्यावर तिचे गृहिणीपद अवलंबून असते.

येथे देवलांची पुरोगामी दृष्टी नाकारता येत नाही. ‘संगीत शारदा’ (१८९९) लिहून जरठ-बाला विवाहावर प्रहार करणाऱ्या या नाटककाराने नायकिणीच्या मुलीस नायिकापद दिले व तिचा विवाहाचा हक्क मान्य केला. मात्र ती मातेच्या व्यवसायापासून अलिप्त व एकनिष्ठ आहे, या अटीवरच तिला तो हक्क लाभतो. अश्विनशेठला अशी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. शिवाय पहिल्या प्रयोगात रेवतीची भूमिका बालगंधर्वांनी केली. म्हणजे ही आदर्श स्त्री पुरुषाने लिहिली आणि पुरुषानेच साकारली.

समारोप

सारांश, ‘संशयकल्लोळ’ स्त्रीद्वेष्टे नाटक नाही. परंतु स्त्रीने निर्दोषत्व सिद्ध करावे आणि पुरुषाने केवळ चूक कबूल करावी, हा संकेत त्याच्या विनोदाचा पाया आहे. त्याची रंजकता मान्य करूनही अध्यापनात व प्रयोगात हा पाया उघड करणे आवश्यक आहे. हे नाटक नाकारण्याची गरज नाही. आपण नेमके कोणाच्या जिवावर हसतो, याचे भान मात्र असावे.