मोजक्या काड्यांचं घर

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हर्सूलच्या आमच्या घरी कूलर धुवायला निघतो. खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर तो वर्षभर उभा असतो, वर पोतं टाकलेलं. ते पोतं काढायचं, तिन्ही बाजूंचं जुनं गवत फेकायचं, टाकी घासायची. यंदा पोत्याला हात घालणार तोच थांबलो. पोत्याच्या खोलगट घडीत, छज्ज्याच्या सावलीला, एक होला बसला होता. मी हातभर अंतरावर, तरी तो उडाला नाही. मान जराशी आत घेतली आणि एक डोळा माझ्यावर रोखला. उडत नाही म्हणजे खाली अंडी आहेत. आई आतून म्हणाली, "राहू दे बाबा. बाळंतिणीची खोली आहे ती. महिनाभर पंख्यावर काढू."

तो महिना मी खिडकीच्या आत बसून काढला. काच जुनी, धुरकट. त्यांना मी फारसा जाणवत नसेन, मला ते पुरते दिसत होते. एखादी बंदिश रोज ऐकावी आणि रोज तिच्यातली नवी जागा कानाला लागावी, तसं ते घरटं मला उलगडत गेलं. होल्याचं घरटं ही एक रचना आहे आणि ती नीट वाचावी लागते, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी रचनाकारांची ओळख. आमच्याकडे होले तीन तऱ्हेचे दिसतात. मानेमागे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके पेरलेला ठिपक्यांचा होला. मानेमागे एकच काळी रेघ ओढलेला, धुरकट रंगाचा कंठी होला. आणि या दोघांहून लहान, वीतभर अंगाचा, गुलाबीसर तपकिरी होला. कूलरवर बसलेला हा तिसरा. त्याचा दागिना मानेमागे नाही, पुढे आहे: गळ्याखाली तांबूस-काळ्या चौकड्यांची पट्टी, जणू पोतीचे मणी. नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात. आफ्रिकेपासून अरबस्तानातून थेट आपल्यापर्यंत पसरलेली ही जात. कोरडा मुलूख हेच तिचं माहेर. मराठवाड्यात ती पाहुणी नाही.

हर्सूल तिला मानवणारच. दिल्ली दरवाजातून निघालेला अजिंठ्याचा रस्ता इथून जातो. एका अंगाला तलाव, वस्तीत हरसिद्धी देवीचं मंदिर, आणि प्लॉट पडूनही अजून उरलेली बाजरी-मक्याची रानं. होल्याचं अन्न म्हणजे कोरडे दाणे, म्हणून रोजचं पाणी त्याला चुकत नाही. मलिक अंबरच्या काळातल्या नहर-ए-अंबरीने याच बाजूचं पाणी शहरात नेलं. माणसांनी जिथून पाणी घेतलं तिथे पाखरंही आली. आणि होला पाणी पितो तेही बघण्यासारखं. बहुतेक पक्षी चोचीत थेंब घेऊन मान वर करतात. होला चोच बुडवतो आणि मान न उचलता, वासरासारखं, ओढून घेतो.

त्याचा आवाज हे या रचनेचं ध्रुपद. पाच-सहा सुटे स्वर, मधे किंचित चढ, मग उतार, आणि सगळं घशातल्या घशात. इंग्रजीत या पक्ष्याला 'हसणारा होला' असं नाव आहे. मला त्यात हसू ऐकू येत नाही. पहाटे चूल पेटवताना घरातल्या मोठ्या बाया स्वतःशीच काही पुटपुटतात, तसा तो वाटतो. कोणाला ऐकवण्यासाठी नाही, पण थांबला की घर सुनं होतं. या घुमण्याला जीवशास्त्रातही मोल आहे. डॅनियल लेहरमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने पाळीव होल्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. एकट्या होल्यासमोर घरटं आणि अंडी ठेवली तर तो त्यांवर बसत नाही. जोडीदार मिळाला, त्याचं घुमणं-वाकणं झालं, दोघांनी मिळून काड्या रचल्या, की आठवडाभरात तोच पक्षी अंड्यांवर बसायला तयार होतो. म्हणजे ते गाणं आणि त्या काड्या ही केवळ तयारी नव्हे. पक्ष्याच्या अंगात आईबापपण त्यांतूनच उतरतं.

ते रचणं मी फेब्रुवारीच्या मध्यावर पाहिलं होतं. तेव्हा मात्र कूलरवर ते काय करतात हे लक्षात आलं नव्हतं. त्याआधी संक्रांतीनंतर फाटकावरच्या बोगनवेलीत एका जोडीने घर मांडलं होतं, आणि कावळ्याने एका सकाळी दोन्ही अंडी नेली. काही दिवसांनी, बहुधा तीच जोडी, कूलरच्या बाजूला घिरट्या घालू लागली. पद्धत ठरलेली. मादी जागेवर बसून राहते. नर खाली अंगणात उतरतो, एक काडी उचलतो, पसंत पडली नाही तर टाकतो, दुसरी घेतो. मग येऊन बऱ्याचदा मादीच्या पाठीवरच उभा राहतो आणि काडी तिच्या चोचीशी धरतो. ती घेते, अंगाखाली सरकवते, छातीने दाबते. एका खेपेला एकच काडी. घाई नाही, आणि ढिलाईही नाही. कडुनिंबाची पानगळ तेव्हा ऐन भरात होती, त्यामुळे पानांचे लांब वाळके देठ अंगणभर पडले होते. ऋतूने काड्या पसरून ठेवल्या आणि होल्याने त्या वेचल्या.

आणि जे उभं राहिलं ते पाहून कोणीही म्हणेल, हे काय घरटं! सुगरणीचा खोपा पाहिलेल्या डोळ्यांना तर हे अर्धवट टाकलेलं काम वाटेल. खोलगटपणा जेमतेम, वीण इतकी विरळ की खालचं पोतं दिसावं. आळशी पक्ष्याचं घर, अशी त्याची ख्याती आहे. मी ती ऐकतच मोठा झालो आणि बरीच वर्षं खरीही मानली. या महिन्याने ती मला पुसून टाकायला लावली.

बोगनवेलीतलं घर मोडलं तेव्हा या जोडीचं किती नुकसान झालं? दोन अंडी गेली, हे खरंच. पण घर म्हणून गेल्या त्या काही दिवसांत जमवलेल्या काड्या. सुगरण नराचे कितीतरी दिवस विणकामात जातात. होल्याने आपलं भांडवल घरात अडकवलेलं नाही. घरट्याची बारीक चकती फांदीत किंवा पोत्याच्या घडीत लपून जाते. मोठा ढीग कावळ्याला आणि भारद्वाजाला लांबून दिसला असता. वीण विरळ, म्हणून वारा आरपार जातो. आणि जिथे वीण कमी पडते तिथे पिल्लं स्वतःच भर घालतात: त्यांची विष्ठा काठावर साचून वाळते आणि गिलाव्यासारखी काड्यांना धरून ठेवते. पिल्लं जड होत जातात तसतसं घर घट्ट होत जातं. याला मी अपुरेपणा म्हणणार नाही. जे नंतर आपोआप होणार आहे ते आधी करायचं नाही, ही मोठी समज आहे. चांगला कवी शब्द गाळतो तो याच समजेने.

अंडी दोन. पांढरीशुभ्र, ठिपका नाही. १३ ते १५ दिवस ती उबवायची, आणि हे काम दोघांचं. होल्यांत सहसा दिवसाच्या मधल्या प्रहरात नर बसतो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी. आमच्या खिडकीतही सकाळी ऊन वर आलं की पालट होई. येणारा पक्षी काठावर उतरून क्षणभर थांबे; बसलेला हळूच उठून बाजूला होई; अंडी उघडी पडत ती एखाद्या श्वासापुरती. मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर दुपारी मला आणखी एक गोष्ट दिसली. छज्ज्याची सावली सरकली की पोत्यावर कडक ऊन येई. तेव्हा बसलेला होला पिसं सैल सोडी, चोच किंचित उघडी, गळ्याची कातडी थरथरत राही. बाहेर अंगाहून जास्त ताप असताना उबवणं कसलं? तो अंड्यांवर सावली धरून होता. ज्या कूलरवर आम्ही उन्हाळा काढतो तोच बंद पडलेला, आणि त्याच्या डोक्यावर एक पक्षी दीड तोळ्याच्या आतल्या संसाराला स्वतःच्या अंगाने गारवा देतोय, हे दृश्य मी विसरणार नाही.

पिल्लं निघाली तेव्हा आंधळी, पिवळसर केसाळ आणि खरं सांगायचं तर कुरूप. त्यांच्यासाठी आईबाप किडे शोधत धावले नाहीत, आणि इथेच या रचनेचा गाभा आहे. होला आणि पारवा यांच्या गळ्यातल्या अन्नपिशवीचं अस्तर या दिवसांत जाड होतं, त्याच्या पेशी सुटतात आणि दह्याच्या चक्क्यासारखा दाट, प्रथिनं आणि स्निग्धांशाने भरलेला पदार्थ तयार होतो. पक्ष्याचं दूधच ते. मादीला येतं तसं नरालाही येतं. पिल्लू आपली चोच आईच्या किंवा बापाच्या चोचीत घालतं आणि पितं. पहिले काही दिवस फक्त हेच, मग त्यात भिजलेले दाणे मिसळत जातात. पक्ष्यांच्या जगात ही देणगी फार थोड्यांना आहे. पैठणजवळच्या नाथसागरावर हिवाळ्यात उतरणारा रोहित त्यांतला एक. आपल्या आयांना ज्या संप्रेरकाने दूध येतं ते प्रोलॅक्टिन. १९३०च्या दशकात ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखलं आणि मोजलं, ते कबुतराच्या याच अन्नपिशवीवर.

आता ती विरळ वीण पुन्हा पाहा. दूध अंगात आहे, म्हणून किड्यांच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही; दाणा-पाणी असेल तर वर्षाच्या बहुतेक काळात संसार मांडता येतो. तो पुन्हा पुन्हा मांडता यावा म्हणून घर हलकं हवं. आणि दूध पुरवायचं ते दोनच तोंडांना पुरतं, म्हणून अंडी दोन. घरावर काटकसर आणि पिल्लांवर उधळण: सगळा हिशेब एकमेकांत गुंतलेला आहे. आळशी म्हणून आपण ज्याला हसतो त्याने आपलं सारं देणं भिंतींऐवजी घशात साठवलं आहे.

पाखरांच्या संसाराचं आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं वाचन भागवताच्या एकादश स्कंधात आहे. अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो, त्यांत कपोत येतो. पिल्लं जाळ्यात सापडतात, मादी त्यांच्या ओढीने जाळ्यात पडते, तिच्या दुःखाने नरही स्वतःला झोकून देतो. बोध असा, की अतिआसक्ती घात करते. पैठणच्या नाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली. शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ला, ती काशीत पूर्ण झाली आणि कपोत महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. त्या कथेपुढे मी हात जोडतो. ती माणसासाठी आहे आणि माणसाला ती लागते. पण महिनाभर खिडकीत बसल्यावर मला वाटतं, या पाखराकडून घेण्याजोगा आणखी एक धडा राहून गेला. अंडी गेल्यावर ही जोडी खचून बसली नाही. पुन्हा काडी उचलली. आणि पिल्लांना पंख फुटल्यावर त्यांना धरून ठेवलं नाही.

ते मी मार्चअखेर पाहिलं. पिल्लं दोन आठवड्यांची झाली होती, अंगावर पिसं, गळ्याची चौकडी अजून उमटलेली नव्हती. त्या सकाळी बाप पोत्यावर आलाच नाही. समोरच्या कडुनिंबावर बसून घुमत राहिला. एक पिल्लू स्टँडच्या कडेपर्यंत आलं, मागे गेलं, पुन्हा आलं, आणि पंख फडफडवत बोगनवेलीवर जाऊन आदळलं. दुसरं संध्याकाळपर्यंत बसून होतं. दुसऱ्या दिवशी उजाडता तेही नव्हतं. आणखी काही दिवस दोघं अंगणात आईबापामागे धावत चोच मागताना दिसली. मग चौघांतलं कोण कुठलं, हे मला ओळखू येईना. घर सोडणं इतकं निर्विघ्न होऊ शकतं, हे मी माणसांत क्वचितच पाहिलं आहे.

आठवडाभर वाट पाहिली. कोणी परतलं नाही, तेव्हा पोतं उतरवलं आणि आईसमोर वर्तमानपत्रावर त्या काड्या मोजल्या. शंभरही भरल्या नाहीत: कडुनिंबाचे देठ, गवताची मुळं, केरसुणीच्या काही काड्या आणि तांब्याची एक बारीक तार. एवढ्यावर दोन जीव वाढून उडाले. माझा निकाल स्पष्ट आहे. सुगरणीचा खोपा ही कारागिरीची शर्थ. होल्याचं घरटं ही विवेकाची. खोप्याकडे आपण आपसूक वळून पाहतो. होल्याच्या घरट्यापाशी थांबायला मात्र शिकावं लागतं.

तुमच्याही कूलरवर, कुंडीत, मीटरच्या पेटीवर असं काही दिसेल. हलवू नका, हात लावू नका, फोटोसाठी वाकू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच रानपाखरांची अंडी-घरटी विस्कटणंही धरलेलं आहे. पण कायद्याच्या धाकाने नको, बघण्याच्या ओढीने थांबा. पंधरा दिवस अंड्यांचे, पंधरा पिल्लांचे. तेवढा महिना पंख्यावर निघतो.