भक्ती आणि जमाव : नोरा औनोर यांच्या दोन भूमिका

फिलिपीन्समधील अभिनेत्री नोरा औनोर (१९५३–२०२५) यांच्याविषयीच्या लेखनात एक विधान वारंवार आढळते. ‘मेस्तिसा’ म्हणजे मिश्रवंशीय, गौरवर्णी नायिकेचे तेथील पडद्यावरील वर्चस्व या ठेंगण्या, सावळ्या मुलीने मोडले, असे ते विधान होय. ते असत्य नाही. बिकोल भागातील इरिगा येथे जन्मलेली, बालपणी रेल्वे स्थानकावर पाणी विकणारी ही मुलगी १९६७ साली ‘तावाग नांग तांघालान’ या गायनस्पर्धेत विजयी झाली आणि पुढे चित्रपट व टेलिव्हिजन या दोन्ही क्षेत्रांत तिला अपूर्व लोकप्रियता लाभली. परंतु वर्णाच्या मुद्द्याने लोकप्रियतेचा उलगडा होतो, अभिनयाचा नव्हे. ज्या भक्तीने त्यांना मोठे केले, तिचीच चिकित्सा त्यांच्या दोन श्रेष्ठ भूमिकांत आढळते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पहिली भूमिका लीनो ब्रोका दिग्दर्शित ‘बोना’ (१९८०) मधील. मनिलातील कियापो येथील कृष्णवर्णी ख्रिस्तमूर्तीच्या मिरवणुकीने चित्रपट सुरू होतो आणि त्या गर्दीत बोना दिसते. चित्रपटांत किरकोळ कामे करणाऱ्या गार्डोवर ती लुब्ध आहे. त्याच्यासाठी ती घर सोडते, झोपडपट्टीत येऊन पाणी भरते, त्याच्या स्नानाचे पाणी तापविते. तो तिला टाकून परदेशी जाण्याचा बेत सांगतो, तेव्हा तेच उकळते पाणी ती त्याच्या अंगावर ओतते. येथे अभिनेत्री स्वतः चाहत्याच्या जागी उभी आहे. बोनाच्या कष्टांना त्या करुणेचा मुलामा देत नाहीत; रोजच्या कामाच्या निर्विकारपणे ती वावरते. म्हणूनच अखेरचा स्फोट आकस्मिक न वाटता साचलेला वाटतो.

इश्माएल बर्नाल यांच्या ‘हिमाला’त (१९८२) बाजू उलटते. दुष्काळग्रस्त कुपांग गावातील एल्साला सूर्यग्रहणाच्या वेळी मरियामातेचे दर्शन झाल्याचा बोभाटा होतो; रोगी येतात, दुकाने थाटली जातात, जत्रा भरते. तिच्यावर झालेल्या बलात्कारातून राहिलेला गर्भही लोक चमत्कार मानतात. अखेरीस ती हजारोंच्या समुदायापुढे सांगते की चमत्कार घडलाच नाही. देव आणि शाप ही माणसाचीच निर्मिती आहे. गोळी लागून ती पडते, चेंगराचेंगरी होते, आणि तरीही जमाव गुडघ्यांवर सरकत प्रार्थनेस लागतो. एल्सा लबाड की भ्रमिष्ट, याचा निकाल औनोर लागू देत नाहीत. त्यांचा चेहरा जवळजवळ स्थिर राहतो. अर्थ जमावच त्यावर लादतो. या संयमातच भूमिकेचे सामर्थ्य आहे.

हे श्रेय दिग्दर्शकांचे व ‘हिमाला’चे लेखक रिकी ली यांचे, असा आक्षेप संभवतो. तो अंशतः ग्राह्य आहे. मात्र ‘बोना’ची निर्मिती औनोर यांच्याच संस्थेने केली होती, हे विसरता येत नाही. स्वतःच्या लोकप्रियतेवर प्रश्नचिन्ह लावणारी कथा त्यांनी स्वतः पडद्यावर आणली.

२०१४ साली राष्ट्राध्यक्षांनी नाकारलेला ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सन्मान त्यांना २०२२ मध्ये मिळाला. आता मृत्यूनंतर गौरवपर लेखनाला भरती येणे स्वाभाविक आहे. परंतु एल्साच्या प्रेताभोवती पुन्हा प्रार्थना करणाऱ्या जमावाची जागा समीक्षेने घेऊ नये. औनोर यांच्या कलेचा खरा आदर तिच्या चिकित्सेतच आहे.