खडी, गिट्टी आणि कंकर : एका उपेक्षित परिभाषेची समीक्षा

कविता, कथा, कादंबरी यांची समीक्षा आपल्या वाङ्मयीन पानांतून नेहमी होते. परिभाषेची मात्र होत नाही. परिभाषा म्हणजे कोशकारांचे व सरकारी कचेऱ्यांचे काम, त्यात रसिकाने काय पाहायचे, असा एक समज आहे. वस्तुतः शब्द घडविणे ही एक निर्मितीच होय. तीही कधी सकस असते, कधी निर्जीव. आणि निर्जीव कवितेने कोणाचे पोट मारले जात नाही. निर्जीव किंवा फसव्या संज्ञेने मात्र मारले जाऊ शकते. या दृष्टीने दगडखाण, खडी आणि रस्ता यांच्या शब्दसंपदेचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे. आदिलाबादसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात तो घेण्यास विशेष कारणही आहे. येथे एकाच दगडाला तीन-तीन नावे आहेत आणि ती तिन्ही आपल्या घरात नांदतात.

पश्चिमेस किनवट-नांदेडकडे रस्त्यावर टाकतात ती ‘खडी’. उत्तरेस पैनगंगा ओलांडून यवतमाळकडे गेले की तीच ‘गिट्टी’ होते. आणि आपल्याच गावच्या तेलुगू मेस्त्रीच्या तोंडी ती ‘कंकर’. १९५६च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून तिकडे गेले. शब्द मात्र कोणत्याही पुनर्रचनेला न जुमानता येथेच राहिले. जैनद, बेला भागातील मराठी घरात मुलगा खडी म्हणतो, मामा गिट्टी म्हणतो आणि ठेकेदार कंकर. यातील ‘शुद्ध’ कोणते, असा प्रश्न विचारणेच चूक आहे. विचारायचे ते हे की, कोणता शब्द वस्तू अचूक दाखवतो आणि कोणता ती झाकतो.

अचूकतेचा उत्तम नमुना म्हणजे आपला ‘मुरूम’. बसाल्टचा काळा खडक हजारो वर्षे ऊन-पावसात झिजून, कुजून जो तांबूस-पिवळा, पहारीने सुटणारा थर बनतो तो मुरूम. तो माती नव्हे आणि दगडही नव्हे. इंग्रजीत यास नेमका शब्द नव्हता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. पुढे १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोशाने मुरूम हा शब्द नोंदविताना मोल्सवर्थचाच आधार घेतला आणि तो मराठी दिसतो असे म्हटले. आजही देशभरच्या रस्तेबांधणीच्या इंग्रजी कागदपत्रांतून हा शब्द वापरला जातो आणि आपले तेलुगू शेजारी त्याला ‘मोरम’ म्हणतात. ज्या भाषेला तांत्रिक विषय पेलत नाहीत असे आपलीच माणसे म्हणतात, तिने तंत्रज्ञांना दिलेला हा शब्द आहे!

घेण्याच्या बाबतीतही मराठीने संकोच केला नाही. स्वयंपाकघरातील ओट्याचा काळा ‘कडप्पा’ हे आंध्रातील जिल्ह्याचे नाव. ‘शहाबादी’ फरशी कर्नाटकातील शहाबादची, ‘तांदूर’ आपल्याच तेलंगणातील गावाची. पुण्या-मुंबईची गृहिणी हे शब्द मराठी समजूनच वापरते, आणि ते योग्यच आहे. रस्त्याच्या खडीला कामावर ‘मेटल’ म्हणतात, हेही कित्येकांना खटकते. मेटल म्हणजे धातू, दगड नव्हे. परंतु ज्या लॅटिन शब्दावरून मेटल आला त्याचा अर्थ खाण असाही होता. खाणीतून निघालेले ते मेटल! तेव्हा मुकादमाचा प्रयोग मुळाला धरून आहे. त्याच्या तोंडच्या ‘डब्ल्यूबीएम’मधील शेवटचा एम हा जॉन मॅकॅडम (१७५६-१८३६) या स्कॉटिश गृहस्थाचा. लहान, कोनदार, सारख्या मापाचे तुकडे दाबले की ते एकमेकांत अडकून बसतात, हे त्याने दाखविले. त्याने खड्याला सहा औंसांची वजनमर्यादा घातली होती. आज आपण चाळीस, वीस, बारा, सहा मिलिमीटर म्हणतो. जुने मेस्त्री दीड इंची, पाऊण इंची म्हणत. तत्त्व तेच.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष ‘डांबर’ या शब्दाचा. आपण या एका शब्दात दोन निरनिराळी द्रव्ये कोंबली आहेत. एक कोळशापासून निघणारे, ज्यापासून कपाटातील डांबरगोळ्यांचे नॅफ्थलीन मिळते. दुसरे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारे, म्हणजे बिटुमेन. आज निविदेत ‘व्हीजी-३०’ असे लिहून जे रस्त्यावर ओततात ते हे दुसरे. पहिले कर्करोगकारक म्हणून मान्य झालेले आहे. दोहोंचे धोके सारखे नाहीत. तेलुगूतील ‘तारु’चीही हीच गत आहे. नाव एक असल्याने कामगाराला आपण काय हाताळतो ते कळत नाही. येथे ‘बिटुमेन’ हा परका शब्दच स्वीकारणे श्रेयस्कर.

दुसरा दोष अधिक गंभीर. क्रशरवर ‘डस्ट’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ट्रॅक्टर भरून विकली जाते तीही डस्ट आणि कामगाराच्या नाकातोंडात जाते तीही डस्ट. मराठीत यासाठी स्वतंत्र शब्द आहेत : विकावयाची ती ‘चुरी’ किंवा ‘कच’, उडते ती ‘धूळ’. ग्रॅनाइट वा वालुकाश्मासारख्या सिलिकायुक्त दगडाची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ज्या शब्दात माल आणि रोग यांतला फरकच पुसला जातो, तो कितीही सोयीचा असला तरी टाकून दिला पाहिजे.

तिसरा शब्द कायद्याचा : ‘गौण खनिज’. १९५७च्या खाण व खनिज कायद्यातील वर्गवारीचे हे भाषांतर. इमारतीचा दगड, मुरूम, साधी वाळू ही त्यात येतात. भाषांतर चुकीचे नाही. पण ‘गौण’ या शब्दात कमी लेखण्याची जी छटा आहे ती मूळ शब्दाहून गडद आहे. ज्यावर घर आणि रस्ता उभा राहतो ते गौण कसे?

नव्या घडणीच्या शब्दांत ‘चुनखडक’ हा मला आदर्श वाटतो. पैनगंगेच्या खोऱ्यातील तो दगड पाहिलेल्या पाचवीच्या मुलालाही अर्थ सांगावा लागत नाही. ‘खडीकरण’ आणि ‘डांबरीकरण’ हेही असेच : देशी धातूवर संस्कृत प्रत्ययाचे कलम केले आणि ते रुजले. याउलट खडी, वाळू, चुरी या सर्वांना मिळून ‘समुच्चय’ म्हणावे असे कोणी सुचविले, तर तो शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे जाणार नाही.

शब्दांचा प्रश्न मजुरीशी कसा भिडतो, ते ‘ब्रास’ या मापावरून दिसते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. महाराष्ट्रातील मजुराला हिशेब ब्रासमध्ये कळतो. नदीच्या अलीकडे तोच घनमीटर किंवा ट्रॅक्टरच्या खेपेवर केला गेला की तो गोंधळतो. शिवाय ट्रॉलीत भरलेली खडी वाटेत हादऱ्यांनी बसते. मोजमाप भरताना घ्यायचे की उतरल्यावर, यावर पैसे ठरतात. अशा वेळी दोन्ही भाषांतील शब्द आणि मापे येणे ही विद्वत्ता नव्हे, संरक्षण आहे.

शेवटी साहित्याकडे. आपल्या बोलीत ‘खडी फोडायला पाठवीन’ ही तुरुंगाची धमकी आहे. श्रमाला शिक्षेचे नाव देणारा हा वाक्प्रचार १९७२च्या दुष्काळानंतर तरी लाज वाटून थांबायला हवा होता. तेव्हा हजारो निरपराध शेतकरी कुटुंबांनी खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढले. दगड फोडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा वडार समाज मराठी मुलखात राहतो आणि घरात तेलुगूची एक बोली बोलतो. महाराष्ट्राच्या कित्येक विहिरी, वाटा आणि भिंती या तेलुगू बोलणाऱ्या हातांनी घडविल्या. १९८८ साली ‘उचल्या’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविणाऱ्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘वडारवेदना’ लिहून या जगाकडे लक्ष वेधले. तरी घण, छिन्नी, पहार, सुरुंग या शब्दांना आपल्या साहित्यात अजून पुरेशी जागा नाही. आपल्या समीक्षेने ही उणीव कधी उणीव म्हणून नोंदवलीही नाही.

सीमेवरच्या कुटुंबांनी यात करण्यासारखे बरेच आहे. मुलाने घरी येऊन ‘कंकर’ म्हटले तर त्याला थांबवू नये. ‘आपण खडी म्हणतो, मामा गिट्टी म्हणतो’ एवढे जोडून द्यावे. वडीलधाऱ्यांनी आपल्या तोंडचे दगडाचे, मातीचे, हत्यारांचे शब्द सांगावेत आणि मुलांनी ते वहीत तीन रकान्यांत लिहावेत : मराठी, तेलुगू आणि वस्तूचे साधे वर्णन. मोल्सवर्थच्या कोशामागेही अशा अनेक बोलणाऱ्यांची तोंडे होती. ती आज आपल्या अंगणात आहेत, तोवर विचारून घ्यावे.